आईपेक्षा जड मत

यंत्राला जोर कळतो, कारण कळत नाही.

माझ्या धाकट्या सुनेनं, प्रमिलानं, हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी सुरमई कापत होते. मी म्हटलं, "मग ते यंत्र तुझ्या सासऱ्यासारखंच की गं. मी भांडी आपटली की त्याला आवाज कळायचा. का आपटली ते मरेपर्यंत कळलं नाही." ती हसली. तिचा नवरा, माझा विनेश, तोही हसला. माझ्या घरात तेव्हा हसत होते अजून.

मी आनसूया. पोवळबेटाच्या बंदरात मला मंत्र्यापासून हमालापर्यंत सगळे आनशीआये म्हणतात, आणि म्हणावंच लागतं, कारण बंदरातली निम्मी मासळी माझ्या होड्यांतून उतरते. शाळेची पायरी मी चढले ती उतरण्यासाठीच. पण आमच्या वाडीचं गाऱ्हाणं मी घालते. आमचे पणजे रत्नागिरीकडून ऊस तोडायला या बेटावर आले तेव्हा रवळनाथाचा पाषाण पाण्याच्या पिंपात लपवून घेऊन आले होते. कुठलंही मोठं काम निघालं की त्या देवापुढे नारळ धरून मोठ्यानं सांगायचं असतं, बाबा असं असं आहे, तू बघून घे. आणि दर वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, व्हय महाराजा. हा मान माझ्या नवऱ्याचा. तो गेल्यावर काही म्हातारे कुरकुरले, बाईनं गाऱ्हाणं घालू नये. ते म्हातारे आता मसणात आहेत आणि गाऱ्हाणं मीच घालते.

तर देशाचं सांगते.

आसपासच्या देशांनी मिळून व्यापाराचा एक संघ केलेला, दर्यासंघ. एकच नाणं, एकच जकात, कुणाचंही जहाज कुणाच्याही बंदरात न विचारता. आमची साखर त्यांच्याकडे बिनजकातीची जायची, आणि त्यांची बिनमाणसांची मोठाली जहाजं आमच्या पाण्यात येऊन तळापर्यंत मासळी ओरबाडून न्यायची. ऊसवाले म्हणाले, संघात राहू. दर्यावाले म्हणाले, निघू. झालं. देशात दोनच जाती उरल्या, आतवाले आणि बाहेरवाले.

संसदेत बरोबर अर्धे इकडे, अर्धे तिकडे. सरकार पडलं, नवं आलं, तेही पडलं. लोकांचा कौल घेतला, तोही निम्मानिम्म. दोनदा. संघवाले मुदत देत राहिले आणि आमचे पुढारी ती वाया घालवत राहिले. रुसलेली सून कशी उंबऱ्यावर गाठोडं घेऊन बसते, आत येत नाही आणि माहेरीही जात नाही, सगळ्या घराची ये-जा बंद, तसं. गोदीत जहाजांतून उतरलेले मालाचे मोठाले डबे सडले. इस्पितळात इन्सुलिन संपलं. जकात कुणाच्या कायद्यानं घ्यायची हेच कुणाला ठाऊक नाही.

तेव्हा विद्यापीठातल्या लोकांनी मतं तोलायचा काटा काढला.

प्रमिला त्याच कामावर होती, म्हणून मला कळलं तेवढं सांगते. माणसाचं तोंड खोटं बोललं तरी कातडी बोलत नाही. गोष्ट मनाला लागली की तळहाताला घाम सुटतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका. नाडीचा ठेका बदलतो, डोळ्याची बाहुली मोठी होते, श्वासाला वेगळा वास येतो. हे डॉक्टरांना जुनंच माहीत. नवीन एवढंच, की या सगळ्या खुणा एकत्र तोलायला त्यांनी संगणकाला शिकवलं. पत्र्याच्या पाटीत पाच खाचा, त्यात उजव्या हाताची पाच बोटं घालायची, समोरचं भिंग डोळे टिपतं, जाळी श्वास. यंत्र आधी नाव विचारतं, आईचं नाव विचारतं, काल काय जेवलात ते विचारतं. तो झाला तुमचा रोजचा तोल. मग प्रश्न येतो, राहायचं की निघायचं? त्या क्षणी शरीर रोजच्या तोलापेक्षा किती उसळतं, तेवढं तुमच्या मताचं वजन.

"म्हणजे भित्र्या माणसाचं मत जड?" मी विचारलं होतं.

"नाही आये. भित्रा माणूस नाव सांगतानाही भ्यालेलाच असतो. ते वजा होतं. प्रश्नावरच उसळी यायला हवी."

"आणि ती रागानं आली तर? दुःखानं आली तर?"

तेव्हा ती ते बोलली. जोर कळतो, कारण कळत नाही.

कल्पना वाईट नव्हती. ज्याला काहीच पडलेलं नाही त्याचं मत हलकं, ज्याच्या चुलीवर बेतलंय त्याचं जड. मग निम्मानिम्म होईलच कसं? दोन्ही बाजूंनी मान डोलावली, कारण दोघांनाही वाटलं आपलेच लोक जास्त पेटलेले. पण एकमेकांवर विश्वास नाही. म्हणून कायदा असा झाला, की मत कुणाला ते गुप्त, पण वजन उघड. केंद्राच्या दारावर गाडीच्या चाकाएवढी तबकडी, तिच्यावर लाल काटा. आत बोटं घातली की बाहेर सगळ्या गावाला दिसणार, कोण किती जड.

खऱ्या मतदानाआधी तालीम झाली, आमच्या वाडीच्या शाळेतच. जत्रा भरली जणू. पोरं छाती फुगवून आत जायची आणि बाहेर येऊन विचारायची, "माझा कुठवर गेला?" माझा थोरला हेमराज बाहेरवाल्यांचा आमच्या भागातला पुढारी. भाषणाला उभा राहिला की खांबावरचे कावळे उडायचे. तो हात जोडत आत गेला. काटा जागचा हलला आणि परत बसला, पेंगणाऱ्या माणसाची मान पडावी तसा.

मी मोठ्यानं म्हटलं, "हेम्या, माझ्या मांजराला आत सोडलं तर ते याच्यावर जाईल!"

मैदान हसलं. सगळ्यांत जास्त विनेश हसला, तो हसला की शिंकायचा. हेमराजही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचे तसे.

तालमीचा आकडा पुन्हा निम्मानिम्मच. फक्त एका वाडीत काटे भलते चढले होते. तिथं आदल्या दिवशी कुणीतरी एका कोळ्याची होडी पेटवली होती.

हे दोन्ही पक्षांच्या शहाण्यांनी पाहिलं. आणि मग देशात जे सुरू झालं, ते देवानं शत्रूलाही दाखवू नये.

आधी दुसऱ्याला मारायला लागले. जकात कचेरीतल्या म्हाताऱ्या कारकुनाला काकवीच्या पिंपात डोक्यानं खाली सोडला. बाहेरवाल्यांच्या एका मास्तरचा जबडा त्याच्याच वर्गात मुलांसमोर फोडला. ऊस तोडायचे कोयते बाजारात मिळेनात. पुढे शहाण्यांना आणखी एक कळलं. मारणाऱ्याचा काटा चढतो तो तात्पुरता. मार खाल्लेल्याचा चढतो आणि चढलेला राहतो. घर जळलेला माणूस, त्याची बायको, शेजारी, सगळी आळी जड होते. म्हणजे आपल्या बाजूला मार बसला तर फायदा आपलाच. त्यानंतर कुठली आग कुणी लावली हे ओळखता येईना.

माझी 'बायो' नावाची होडी भर दुपारी पेटली. माझा खलाशी अंतोन तिच्यातून उडी मारून आला तेव्हा त्याच्या पाठीची साल सदऱ्याबरोबर निघाली. मी वल्हं उचललं आणि आतवाल्यांच्या कचेरीत शिरले. तिथल्या एका पोऱ्याचा खांदा मोडला, खिडक्या फोडल्या. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

घरी आले तर हेमराज पाटावर बसून विनेशला सांगत होता, "बघितलंस? आता आयेचा काटा बघ कसा जातो."

विनेशनं ताट सरकवलं. तो गोदीवर क्रेन चालवायचा. उंचावर एकटा बसायची सवय, बोलायचा कमी. म्हणाला, "दादा, आयेची होडी जळली, अंतोन तिकडं पालथा पडून रडतोय, आणि तू काटा बघतोयस?"

"देशासाठी बघतोय."

"देश तुझ्या पोटात कुठं दुखतो ते दाखव एकदा. तालमीत तर नाही दिसला."

"विन्या, तोंड सांभाळ! तुझी क्रेनही बिनमाणसांची झाली की कळेल. तू मत कुणाला देणार ते तरी सांग."

"देणारच नाही. माझ्या मताला वजन नाही. मला दोन्हीकडचे सारखेच हलके वाटतात."

हेमराज उठला, विनेश उठला. मी मध्ये पळी घेऊन उभी राहिले. "माझ्या घरात मारामारी फक्त मी करते," म्हटलं. "बसा आणि जेवा." बसले दोघं. पण हेमराज त्याच्याकडे बघत राहिला. मला वाटलं राग आहे. आता कळतं, तो मोजत होता.

मतदानाच्या आधीच्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, विनेश क्रेनवरून खाली उतरला. तोंडं बांधलेली चार माणसं डब्यांच्या मागून आली. गोदीवर दीडदोनशे लोक असतील. मी लिलावाच्या ओट्यावर होते, हातात बांगडा मासळीची टोपली. ओरडा ऐकला तेव्हा वाटलं, आणखी कुणाचं तरी पोर. टोपली खाली ठेवली, नीट ठेवली, आणि मग बघितलं तर पिवळं शिरस्त्राण लोळत माझ्याकडे येतंय. त्याच्यावर प्रमिलानं रंगवलेला छोटा मासा होता.

पहिला घाव खांद्यावर होता. तो पळाला असता तर बहुधा तेवढाच बसला असता. पण तो उलटला, एकाचं फडकं ओढलं त्यानं, आणि मग त्यांनी त्याला ऊस तोडतात तसा तोडला. मी पोचेस्तोवर चौघं पळाले होते. त्याचं डोकं मी मांडीवर घेतलं तर मान माझ्या हातात राहीना. गोदीची जमीन उताराची, रक्त समुद्राकडे चाललं होतं. मासळी धुवायची नळी घेऊन मी माझ्या मुलाला धुतलं. कुणाला हात लावू दिला नाही. रडले नाही. लिलावाच्या ओट्यावर मी कधी रडलेली नाही.

हेमराज धावत आला, बघितलं, आणि तिथंच भडाभडा ओकला. लोक म्हणाले, भाऊ होता, सख्खा भाऊ. सगळ्यांना ठाऊक होतं की हे आतवाल्यांचं काम. बाहेरवाल्या पुढाऱ्याच्या भावाला दुसरं कोण मारणार? संध्याकाळपर्यंत आतवाल्यांची एक आळी जळून गेली. तिच्यात माणसं होती.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या मैदानावर मुंगीला वाट नव्हती. निम्म्यांच्या कमरेला कोयते, पोलीस होते ते भिंतीला पाठ लावून. बाहेरवाल्यांचे मोठे पुढारी राजधानीहून मुद्दाम आमच्या वाडीत आले होते, माझा काटा बघायला. आतवाल्यांनीही माणूस पाठवला होता, दबक्या आवाजात सांगायला, "आये, आम्ही नाही केलं. शपथ." मी त्याच्या तोंडावर थुंकले.

मी आत गेले. खाचांत बोटं घातली. नाव, आनसूया. आईचं नाव, काशी. काल काय जेवलात? काही नाही. मग बाईच्या आवाजात यंत्रानं विचारलं, राहायचं की निघायचं?

मला काही दिसलं नाही. फक्त ते पिवळं शिरस्त्राण लोळत आलं.

बाहेर आले तेव्हा सगळं मैदान तबकडीकडे बघत होतं. आजवर कुणाचा गेला नव्हता तिथवर माझा काटा गेला होता. बायका रडत होत्या. राजधानीवाल्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण डोळे दिवाळीचे.

मग हेमराज आत गेला.

काटा उठला. माझ्या खुणेपाशी गेला आणि थांबला नाही. तबकडीच्या टोकाला आपटून थरथरत राहिला. मैदान फुटलं. "हेमराज! हेमराज!" टोप्या उडाल्या. कुणीतरी ओरडलं, "भाऊ असावा तर असा! निघालो रे संघातून, निघालो!"

प्रमिला माझ्या शेजारी उभी होती, पांढरीफटक. ती नुसती काट्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "आये, तालमीत भावोजींचा काटा जेमतेम हलला होता."

"भाऊ मेलाय त्याचा," मी म्हटलं.

"हो. पण तुमच्यापेक्षा जड?"

 डोक्यात एकेक येऊन बसायला लागलं. ओकणं. स्मशानात त्यानं प्रेताकडे न बघणं. ताटावरची ती नजर. यंत्राला जोर कळतो, कारण कळत नाही. पण मी काही यंत्र नाही. मेलेल्याच्या आईपेक्षा जास्त कोण उसळेल त्या प्रश्नावर? ज्यानं त्याच प्रश्नापायी मारलं, तोच.

हेमराज बाहेर आला. तोंडाला रंग नव्हता, लोक त्याला खांद्यावर घेऊ बघत होते. मी त्याचा दंड धरला. "हेम्या, माझ्याकडे बघ."

"आये, लोक थांबलेत," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "गाऱ्हाणं घाल."

त्याचे कान लाल होते.

यंत्रावर विसंबून मी पोटच्या पोराला फासावर देणार नव्हते. आणि तोंड उघडलं तर माझा दुसराही जातो, हे कळायला शाळा लागत नाही. गप्प बसले तर एक तरी राहतो. चुलीशी बसायला, माझी तिरडी उचलायला. पण मग त्याच्या त्या थरथरत्या काट्यावर देश इकडचा तिकडे होणार, आणि पुढच्या प्रश्नाला पुढारी आपला कुठला भाऊ निवडायचा ते शोधणार.

मैदानाच्या कडेला आणून मांडलेल्या रवळनाथाच्या पाषाणापुढे मी गेले. नारळ उजव्या हातात धरला. हेमराज माझ्या उजवीकडे, मानकऱ्याचा मुलगा उभा राहतो तिथं, हात जोडून, डोळे मिटून. तो बोलायलाही शिकला नव्हता तेव्हापासून तिथं उभा राहतोय. आईबापाच्या आधी त्याच्या तोंडात 'व्हय महाराजा' आलं होतं.

मी आवाज लावला.

"बा रवळनाथा, बारा वाड्यांच्या धन्या!"

"व्हय महाराजा!" मैदान गरजलं.

"आमच्या पणज्यांनी तुका पिंपात लपवून सात समुद्रापार हय आणलो!"

"व्हय महाराजा!"

"हो ऊस तुझो, हो दर्यो तुझो, आतली लेकरां तुझी, भायली लेकरां तुझी!"

काही कुरकुरले, पण सुराला सूर मिळाला. "व्हय महाराजा!"

मी ठेका वाढवला. श्वास घ्यायला जागा ठेवली नाही.

"होडयो जाळल्यो, घरां जाळली, माणसां जाळली!"

"व्हय महाराजा!"

"माझ्या विनेशाक गोदीवर कोयत्यान तोडलो!"

"व्हय महाराजा!"

"त्याच्यावर मारेकरी घातले ते त्याच्याच सख्ख्या भावान!"

मैदान थांबलं. हजार तोंडं उघडी आणि आवाज नाही. आणि त्या शांततेत माझ्या उजव्या बाजूनं, मिटल्या डोळ्यांनी, हात जोडून, एकच आवाज आला.

"व्हय महाराजा."

त्यानं डोळे उघडले. आपण काय बोललो ते त्याला आमच्या सगळ्यांच्या नंतर कळलं. तोंडावर हात नेला त्यानं, शिवी देताना पकडलेल्या पोरासारखा.

पहिला कोयता आला तो बाबल्याचा, विनेशच्या जोडीदाराचा, क्रेनखालच्या माणसाचा. हेमराजच्या मानेवर धरून आला होता. मी काही ठरवलं नाही. नारळासकट हात मध्ये गेला, एवढंच. मला वाटलं नारळ फुटला. खाली बघितलं तर नारळाच्या कवडीशेजारी माझी तीन बोटं पडली होती, मधल्या बोटात लग्नातलं वळं.

मागून आणखी कोयते आले होते. काही आतवाल्यांचे, काही बाहेरवाल्यांचे. पहिल्यांदाच सगळे एका बाजूला. मी हेमराजला पोटाशी घेऊन त्याच्यावर वाकले आणि त्या उरलेल्या दोन बोटांनी त्यांच्याकडे रोखून ओरडले, "एक तोडलात! दुसऱ्याला तोडायचं तर आधी माझी मान!" रक्त त्याच्या डोळ्यांत जात होतं. तो रडत होता, "आये, सोड मला, आये, सोड."

बाबल्यानं कोयता टाकला आणि तिथंच मटकन बसला.

प्रमिलानं ओढणी फाडून माझा हात आवळला. तिचा नवरा मारणाऱ्याला मी पोटाशी धरलं होतं, आणि ती माझा हात बांधत होती.  आजही त्यावर बोलत नाही. मी हेमराजला डाव्या हातानं कॉलरला धरून पोलीस चौकीत नेला. मैदानानं वाट दिली. राजधानीवाले कधी निघून गेले कुणाला कळलं नाही.

पुढे प्रमिलानं सरकारी चौकशीपुढे सगळं सांगितलं. गुन्हेगाराची भीती आणि आईचं दुःख यंत्राला सारखंच दिसतं, हे तिनं सगळ्या देशासमोर कबूल केलं. ते मतदान रद्द झालं. तबकड्या भंगारात गेल्या. संघवाल्यांनी पुन्हा मुदत दिली, आणि संसदेत पुन्हा अर्धे इकडे, अर्धे तिकडे.

परवा वाड्यावाड्यांतून हात वर करून मोजणी झाली. ना पाटी, ना खाच. मोजणाऱ्या पोरीनं माझा हात बघितला आणि गोंधळली. "आये... हा धरू?"

"धर. दोन बोटांचा असला तरी एकच धर. जास्त नको."

कुठल्या बाजूला वर केला ते मी कुणाला सांगितलेलं नाही. हेमराजलाही नाही. तुरुंगात भेटीच्या वारी मी जाते. डाव्या हातानं भात कालवता येतो आता, घास मात्र सांडतो. पहिले काही वार तो तोंडच वर करीना. मग एकदा बोलला. फक्त खांद्यावर एक घाव घालायचा ठरला होता. तो पळेल असं वाटलं होतं. भाऊ जखमी झाला की आळी जड होईल. "विन्या उलटून ओढेल असं वाटलंच नाही, आये. तो कधी कुणावर हात उचलायचा नाही."

"तुला तुझा भाऊ माहीत नव्हता," मी म्हटलं. "मला तू माहीत नव्हतास."

काल त्यानं गजांतून माझ्या उजव्या हाताला बोट लावलं. म्हणाला, "दुखतो?"

"दुखतो."

"बोटांच्या जागी?"

मी डबा पुढे सरकवला. "कुठं ते विचारू नकोस," म्हटलं. "भात खा. निवतोय."